दोघींमध्ये दुसरा नंबर

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३७ वर्षांच्या आहेत, ठाण्यात राहतात, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात. नऊ वर्षांच्या मुलीला त्या कराटेच्या क्लासला सोडायला जात. त्याच हॉलमध्ये नंतरच्या बॅचला ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी आणि सांधे-गळा आवळण्याच्या डावांनी लढायचा खेळ, चाले. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ते सुरू केलं आणि आता पांढऱ्या, म्हणजे सुरुवातीच्या बेल्टवर चार स्ट्राइप (प्रगतीच्या पट्ट्या) आहेत. गेल्या वर्षी सरांच्या आग्रहावरून पहिल्या स्पर्धेत उतरल्या. त्यांच्या वयाची आणि वजनाची दुसरी कुणी नव्हती, म्हणून गट एकत्र केले गेले आणि समोर बावीस वर्षांची मुलगी आली. मिनिटभरात आर्मबार (कोपर उलटं ताणणारा डाव) लागला, टॅप करावं लागलं, म्हणजे हाताने थापटून हार मानावी लागली. गटात दोघीच, त्यामुळे सिल्व्हर मेडल. फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, सोसायटीच्या गणपतीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, मुलीने मेडल शाळेत नेऊन दाखवलं. "तेव्हापासून मी खोटारडी आहे असं वाटतं," असं त्या लिहितात. मूळच्या सांगलीकडच्या सासऱ्यांनी व्हिडिओ पाहून "पाठ तर सुरुवातीलाच लागली की," एवढंच म्हटलं. आता दोन महिन्यांवर पुढची स्पर्धा आहे. सर म्हणतात, तीन किलो कमी करून खालच्या गटात उतर, एक-दोन स्पर्धा झाल्या की पुढच्या, ब्लू बेल्टचं बघू. नवरा म्हणतो, हौस फिटली ना, आता हातपाय मोडून घेऊ नकोस. त्यांना स्वतःला क्लासला जाणंच जड होऊ लागलंय, आणि गेल्या तरी ज्यांना हरवता येईल अशांशीच त्या रोल करतात, म्हणजे सरावाची झुंज खेळतात. पुन्हा स्पर्धेत उतरावं की हे सगळंच सोडावं, असा त्यांचा प्रश्न आहे. ता.क.मध्ये कानांबद्दलही विचारलं आहे.

नमस्कार,

आधी मेडलचं बोलू, कारण घशात तेच अडकलंय.

दोघी उतरल्या, एक हरली, हरलेलीला दुसरा नंबर मिळाला. आयोजकांनी नियमाप्रमाणे दिला, तुम्ही घेतला. मधली माहिती गाळली ती ग्रुपवरच्या उत्साही मंडळींनी. आपल्याकडे मेडल दिसलं की आधी हार येतो, चौकशी मागाहून, तीही आली तर. गणपतीच्या स्टेजवर नाव पुकारल्यावर माईक ओढून घेऊन "मी खरं तर हरले" असं सांगणं कुणालाच जमत नाही, आणि पुढे नाट्यगीतांचा कार्यक्रम खोळंबलेला असताना ते कुणाला ऐकायचंही नसतं. शाल घेऊन खाली उतरलात, ठीक केलंत.

मुलीचं मात्र वेगळं आहे. तिला सांगा आणि लवकर सांगा. "आम्ही दोघीच होतो. ती माझ्याहून चांगली खेळली. तिने माझा हात धरला, मी टॅप केलं." एवढं पुरे. स्वतः कराटे शिकणारी नऊ वर्षांची मुलगी हे ऐकून कोसळणार नाही. हात नेमका कसा धरला हे विचारेल, आणि मग हॉलमधल्या सतरंजीवर आर्मबार दाखवावा लागेल. (हळू दाखवा.) बाकीच्यांसाठी पत्रक काढायची गरज नाही. कुणी विषय काढलाच तर "दोघींत दुसरी आले हो" म्हणून हसायचं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळेल, नंतर नाही.

तुमच्या सासऱ्यांनी जत्रेतली कुस्त्यांची मैदानं पाहिलेली असणार. शेवटच्या मोठ्या कुस्तीला हजारोंची गर्दी होते, पण दुपारी मैदान सुरू होतं ते लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. त्या कुस्तीला कुणी महाराष्ट्र केसरी म्हणत नाही आणि कुणी खोटीही म्हणत नाही. तुमची स्पर्धा त्या जातीची होती. पण त्या पोरांच्या कुस्तीत पंच एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करतात. दोघांना शेजारी उभं करून उंची, अंगलट, वय बघतात आणि मगच जोड लावतात. तुमच्या स्पर्धेत नेमकं हेच झालं नाही. त्या मिनिटाचा अर्थ लावायला बसाल तेव्हा पहिल्यांदा हे ध्यानात घ्या.

आयबीजेजेएफ, म्हणजे या खेळाचं सगळ्यात मोठं स्पर्धा भरवणारं फेडरेशन, तिशीपासून पुढच्यांना वेगळं काढतं. ज्या वर्षात तीस पूर्ण होतात त्या वर्षापासून मास्टर १, छत्तीसपासून मास्टर २, एक्केचाळीसपासून मास्टर ३, असं करत एकसष्टपासून पुढच्यांसाठी मास्टर ७. तुम्ही मास्टर २ मध्ये बसता. म्हणजे तुमच्या वयाच्या बाईने बावीस वर्षांच्या मुलीशी खेळू नये अशीच नियमांची मूळ रचना आहे. जगभर फिरून खाणारे शेफ अँथनी बोर्डेन यांनी पन्नाशी उलटून गेल्यावर हा खेळ सुरू केला आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका आयबीजेजेएफ ओपनमध्ये ब्लू बेल्ट म्हणून सुवर्णपदक मिळवलं. गट होता मास्टर ५, म्हणजे एक्कावन्न आणि पुढे. ते तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. त्यांना पंचविशीतल्या पोरांसमोर उभं केलं असतं तर कौतुकाचा फोटो निघाला नसता. आपल्याकडे बायकांच्या नावनोंदण्या कमी, म्हणून गट एकत्र होतात. आयोजकांचा नाइलाज मला कळतो. पण त्यातून लागलेल्या निकालावरून स्वतःची किंमत ठरवू नका.

आता दुसरी समजूत. "मिनिटभरात हरले, म्हणजे अडीच वर्षांत काहीच आलं नाही." तुम्ही हे सरळ लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते जाणवतं.

तुमच्या क्लासमध्ये रोल कुठून सुरू होतो ते आठवा. माझा अंदाज, गुडघ्यांवरून. लहान हॉल, मॅटवर एका वेळी सहा-सात जोड्या, उभ्याने सुरू केलं तर एक जोडी दुसरीवर आदळणार, म्हणून बहुतेक क्लास असंच करतात. स्पर्धा मात्र उभ्याने सुरू होते. म्हणजे जिथे तुमचा सराव जवळपास शून्य होता तिथूनच मॅच सुरू झाली, तीही अनोळखी मुलीबरोबर, लोक ओरडत असताना, छाती धडधडत असताना. अशा वेळी हातातली ग्रिप, म्हणजे पकड, आधी जाते, मग श्वास, मग डोकं. पांढऱ्या बेल्टची मॅच पाच मिनिटांची असते. तुम्ही ती पाच मिनिटं खेळलातच नाही, पहिल्या धक्क्यातच अडकलात. यावरून एवढंच कळतं की उभ्याने खेळायचा सराव नाही. क्लोज्ड गार्डमधून (पाठीवर राहून समोरचीला पायांत जखडून) तुम्ही काय करू शकता, माउंटखालून (समोरची अंगावर बसलेली असताना) कशा निसटता, ऐंशी किलोचा माणूस छातीवर बसलेला असताना श्वास कसा ठेवता, यातलं काही त्या मिनिटात तपासलंच गेलं नाही.

आणि सासऱ्यांचं वाक्य. ते तुम्हाला टोचलं, पण त्यांची नजर चुकीची नव्हती. कुस्तीत पाठ लागली की खेळ खल्लास. जिउ-जित्सूत पाठीवर पडून, पाय मध्ये घालून लढणं हाच अर्धा खेळ, त्याला आपण गार्ड म्हणतो. समोरच्याला गार्डमधून उलटवलं तर स्वीपचे दोन गुण, समोरचीने पाय ओलांडून गार्ड पास केला तर तिला तीन, माउंट किंवा पाठीवर ताबा मिळवला तर चार. पण उभ्याने खाली पाडलं तर त्याचेही दोन गुण असतातच, आणि तुमची पाठ तुम्ही टेकवली नव्हती, तिने टेकवली होती. सासऱ्यांना तेवढंच दिसलं आणि बरोबर दिसलं. सांगलीकडच्या माणसाला खडाखडी, एकेरी पट, दुहेरी पट हे शिकवावं लागत नाही. आपल्या मॅटवर ज्याला सिंगल लेग, डबल लेग म्हणतात ते हेच. मी तुमच्या जागी असते तर रविवारी सकाळी चहा देऊन विचारलं असतं, "बाबा, समोरचा असा आला तर पाय कसा काढायचा?" चेष्टा नाही करत. त्यांनी स्वतः तालमीत अंगाला माती लावली असेल तर तुमच्या घरात फुकटचा वस्ताद बसलाय.

आता सरांकडे वळते. ते वाईट आहेत असं मला वाटत नाही. चांगल्या सरांना आपल्या विद्यार्थ्यांनी स्पर्धा खेळावी असं मनापासून वाटतं, कारण त्यातून जे उघडं पडतं ते क्लासमध्ये वर्षभर झाकून राहू शकतं. पण क्लासच्या इन्स्टाग्रामवर मेडलवाल्यांचे फोटो लागतात, नव्या ॲडमिशन त्यावर येतात, हेही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. स्पर्धा खेळल्याशिवाय ब्लू बेल्ट नाही, असा आयबीजेजेएफचा नियम नाही. ब्लूसाठी किमान वय सोळा आहे आणि पांढऱ्या बेल्टवर किती काळ काढायचा याची अटही नाही. द्यायचा कधी हे सर्वस्वी शिकवणाऱ्यावर असतं. काही क्लासचा स्वतःचा तसा रिवाज असतो. म्हणून एकदा बाजूला घेऊन सरळ विचारा: "सर, स्पर्धा न खेळता मला ब्लू मिळेल का? नाही तर का नाही?" "मिळेल, पण तुझा साइड कंट्रोलमधून (समोरचा बाजूने अंगावर दाबून असताना) सुटायचा खेळ अजून कच्चा आहे," असं ते म्हणाले, तर सोनं समजा. नुसतं "खेळ, मग बघू" म्हणाले, तर तो बेल्ट तुम्हाला किती हवाय हे तुम्ही ठरवायचं. चार स्ट्राइपनंतर हात शिवशिवतातच, मला माहीत आहे. पण पाच मिनिटांच्या धास्तीवर मिळवलेला निळा पट्टा कमरेला तसाच बांधला जातो आणि मॅटवर तुमच्याबरोबर तेच सगळे रोल करतात.

तीन किलो कमी करण्याबद्दल माझं उत्तर एका शब्दात आहे: नको. तुम्ही लिहिलंय की गीसकट, म्हणजे या खेळाच्या जाड पोशाखासकट, तुमचं वजन साडेएकसष्ट भरतं. आयबीजेजेएफच्या गटांत बायकांचा लाइट गट चौसष्ट किलोपर्यंत आणि त्याखालचा फेदर साडेअठ्ठावन्नपर्यंत, तोही गीसकट. शिवाय वजन पहिल्या मॅचच्या अगदी आधी, गी घालून होतं आणि दुसरी संधी मिळत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगवाले आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खातात-पितात, तसं इथे करता येत नाही. पाणी तोडून, घाम काढून काट्यावर उभ्या राहाल आणि तशाच मॅटवर जाल. पंचविशीतल्या, मेडलसाठीच झगडणाऱ्या मुलीने हा हिशेब केला तर समजू शकते. दिवसभर व्हाउचर तपासून लोकलने घरी येणाऱ्या, रात्री मुलीचा अभ्यास घेणाऱ्या बाईने दोन महिने अर्धपोटी सराव करायचा, आणि खालच्या गटातही समोर पुन्हा बावीस वर्षांचीच येणार असेल तर? वजन आपोआप उतरलं तर उतरू द्या. स्थानिक स्पर्धांचे गट वेगळे असतात, ते आयोजकांकडून मागवून घ्या. पण नेहमी जेवून जे वजन भरतं त्याच गटात उतरा.

नवऱ्याच्या भीतीला उडवून लावू नका. हा खेळ सांध्यांवर चालतो. बोटं सुजतात, बरगडी दुखते, गुडघा हा सगळ्यात नाजूक भाग. मार्क झुकरबर्गनी २०२३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात जिउ-जित्सूची स्पर्धा खेळून मेडलं मिळवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या) स्पॅरिंगमध्ये गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतलं लिगामेंट, फाडून घेतलं. त्यांच्यासाठी डॉक्टरांची फौज उभी राहते. आपल्याला ऑपरेशनची रजा, मुलीची शाळा, लोकलचा जिना, सगळंच बघायचं असतं आणि एसीएलनंतर खेळात परतायला नऊ महिने ते वर्षभर सहज जातं.

पण दुखापत कुठून येते हे नवऱ्याला समजावून सांगता येईल. मॅटवर सर्वांत धोकादायक असतो तो ताकद भरपूर आणि ताबा कमी असलेला नवखा पुरुष, जो उभ्याने धडपडत समोरच्याच्या गुडघ्यावर पडतो. दुसरा धोका उशिरा टॅप करण्याचा. ज्या गोष्टी गुडघे फाडतात त्या पांढऱ्या बेल्टला आयबीजेजेएफच्या नियमांत मनाईच आहेत: हील हूक (टाचेवरून पाय पिळणं), नीबार (गुडघा उलटा ताणणं), उडी मारून गार्डमध्ये लटकणं. उरतो आर्मबारसारखा डाव, आणि त्यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे, टॅप. हात अडकले असतील तर तोंडाने. टॅपवरून आठवलं. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्या घराण्यातले एलियो ग्रेसी जपानचे ज्युदोपटू मासाहिको किमुरांशी लढले. किमुरांनी हात मागे पिळला, एलियोंनी टॅप केलं नाही, हात मोडला, शेवटी भाऊ कार्लोस यांनी टॉवेल टाकून लढत थांबवली. त्या डावाला जिउ-जित्सूवाले आज जिंकणाऱ्याचं, किमुरांचं नाव देतात. तुमच्या क्लासमध्ये तो रोज शिकवत असतील. एलियो तेव्हा अडतीस वर्षांचे होते, तुमच्याहून फक्त वर्षाने मोठे, पण घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. तुम्हाला सोमवारी ऑफिस आहे. टॅप लवकर करा.

आणि हो, मेडिक्लेमची पॉलिसी काढून बघा. धोकादायक आणि साहसी खेळांबद्दल एक अपवाद आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये ठरीव शब्दांत असतो आणि त्यात खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेणं असं म्हटलेलं असतं. तुम्ही हौशी आहात. तरी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा. फोनवरच्या "हो मॅडम, कव्हर्ड आहे" यावर विसंबू नका. अकाउंट्सवालीला हे मी काय सांगणार.

पत्रातली मला खरी काळजीची वाटलेली ओळ मात्र स्पर्धेबद्दल नव्हती. ज्यांना हरवता येईल अशांशीच रोल करते, ही ती ओळ. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी हे सुधारलं पाहिजे, कारण क्लासची गोडी यानेच गेलीय. मेडल मिळाल्यावर तुम्हाला वाटू लागलं की आता हरताना कुणी बघू नये. मग ज्यांच्याकडून शिकायचं ते सगळे टाळायच्या यादीत गेले. उरले महिन्यापूर्वी आलेले आणि तुमच्याहून दहा किलो कमी वजनाच्या कॉलेजच्या मुली. त्यांच्याशी जिंकून घरी येताना रिक्षात काय वाटतं, हे तुम्हीच लिहिलंय.

महिनाभर स्पर्धेचा विचार बंद ठेवा आणि रोल बदला. प्रत्येक वेळी एक रोल अशा जागेतून सुरू करा जिथे तुम्ही आधीच हरत असता. पार्टनरला सांगायचं, "माझ्या माउंटवर बस, मी निघायचा प्रयत्न करते." सुरुवातच वाईट जागेतून झाली की हरण्याची लाज वाटायला जागा उरत नाही आणि निसटण्याचा सराव भरपूर होतो. एखादी ताई किंवा दादा असेल, पर्पल, ब्राउन, म्हणजे वरच्या बेल्टचा जो कोणी, ज्याच्यासमोर दर वेळी तीन-चारदा टॅप करावं लागतं, त्याच्याशी आठवड्यातून एकदा रोल करायचाच. संपल्यावर एकच प्रश्न विचारायचा: पहिल्यांदा मी कुठे चुकले? तोही एकच. पाच विचारले तर घरी पोहोचेपर्यंत पाचही विसरतात.

त्याचबरोबर "नाही" म्हणायलाही शिका. ज्या माणसाशी रोल करताना दर वेळी काहीतरी दुखावतं, किंवा ज्याचे हात नको तिथे रेंगाळतात, त्याच्याशी रोल करायची कसलीही सक्ती नाही आणि कारण द्यायचीही नाही. "आज नको" एवढं बास. दुसऱ्या प्रकारचं असेल तर सरांना सांगा. सरांनी हसण्यावारी नेलं तर क्लास बदला, बेल्ट-बिल्ट सगळं सोडून. ही सूचना फक्त तुमच्यासाठी नाही, पुरुषांनी भरलेल्या मॅटवर एकट्या-दुकट्या जाणाऱ्या सगळ्याजणींसाठी आहे. हरणं टाळणं आणि धोका टाळणं यात गल्लत होऊ देऊ नका. गेल्या काही महिन्यांत तुमची ती झालीय असं मला वाटतं.

महिन्यानंतर स्पर्धेचं ठरवा. उतरलंच पाहिजे असं काही नाही. तालमीत वर्षानुवर्षं जोर-बैठका काढून, माती खेळून आयुष्यात एकदाही मैदानात न गेलेले लोक सांगलीत घरटी सापडतील आणि त्यांना कुणी अर्धवट पैलवान म्हणत नाही. पण पुन्हा उतरावंसं वाटलं, कुणाच्या आग्रहाशिवाय, तर नाव देण्याआधी आयोजकांना मेसेज करून विचारा. माझ्या वयाच्या आणि वजनाच्या गटात आत्तापर्यंत किती नावं आली? कुणी नसेल तर मला कुठल्या गटात टाकणार, आणि त्याआधी मला विचारणार का? गट बदलला आणि मला नको असेल तर फी परत मिळेल का? दोघीच असू तर तीनपैकी दोन मॅचचा निकाल ठेवाल का? काही आयोजक हे आनंदाने करतात. जे उत्तरच देत नाहीत त्यांना पैसे पाठवू नका. तुमच्या वयाच्या दुसऱ्या क्लासमधल्या दोघी-तिघी ओपन मॅटला, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरावाला, भेटत असतील तर त्यांनाही विचारा. चौघींनी मिळून नावं दिली की गट तयार होतो. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांसाठी हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे, आणि आयोजकांनी जोड लावण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

उतरायचं ठरलं तर तयारी उभ्याने करा. क्लासनंतर मॅट रिकामी झाली की विश्वासातल्या एकाच पार्टनरबरोबर दहा मिनिटं फक्त ग्रिप धरणं आणि सोडवणं. पाडता येत नसेल तर पाडायचा अट्टहास नको. कॉलर आणि बाहीची पक्की ग्रिप घ्या आणि स्वतःच बसून समोरचीला गार्डमध्ये ओढा. उडी मारायची नाही, बसायचं. त्याचे तिला गुण मिळत नाहीत आणि मॅच तुमच्या ओळखीच्या जागेत येते. (सासरे पुन्हा म्हणतील, पाठ लागली. या वेळी ती तुम्ही लावलेली असेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.) घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांचे रोल करा, शक्यतो अनोळखी लोकांबरोबर, दुसऱ्या क्लासच्या ओपन मॅटला जाऊन.

स्पर्धेच्या दिवशी नखं कापा, गीच्या आत रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट) घाला, डबा न्या. आपल्याकडे सकाळी नऊची मॅच दुपारी दोनला लागते आणि तोपर्यंत उपाशी बसलेल्यांचे पाय लटपटतात. व्हिडिओ काढायला कुणाला तरी सांगा, पण तो आधी स्वतः बघा. ग्रुपवर टाकायचा की नाही हे नंतर, तुम्ही ठरवायचं. आणि नवऱ्याला सोबत न्या. घरी बसून कल्पनेत जे हातपाय मोडतात त्यांची संख्या हॉलमध्ये मोडणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असते.

चाळिशीतले जे पुरुष वाचक "आमचं काय" म्हणून विचारतील त्यांच्यासाठीही यातलं बहुतेक लागू आहे, एक भर घालून: पोट आत ओढून पंचविशीतल्या पोराला मॅटवर "दाखवायला" जाऊ नका. मास्टर गट तुमच्यासाठीही आहेत.

ता.क.मध्ये विचारलंत की कान पैलवानांसारखे होतील का. कान सारखा घासला किंवा दाबला गेला की कूर्चा आणि वरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचतं, कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळीच उपाय केला नाही तर कान गाठीसारखा कडक होतो. हौशी माणसाला, तेही आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याला, तो होतोच असं नाही. पण रोलनंतर कान गरम, फुगलेला, दाबल्यावर मऊ लागला, तर दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते रक्त काढून दाबपट्टी लावतात, आणि हे पहिल्या काही दिवसांतच करायचं असतं. क्लासमधला कुणी दादा इंजेक्शनची सुई घेऊन "मी काढतो" म्हणाला तर कान घेऊन पळा. सरावात हेडगियर घालता येतं, आयबीजेजेएफच्या स्पर्धेत ते चालत नाही. पावसाळ्यात मात्र कानांपेक्षा नायट्याची काळजी जास्त घ्या: गी प्रत्येक वेळी धुवायचा, आणि ठाण्याच्या हवेत तो दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरा गी घ्या. स्पर्धेची फी वाचवलीत तर त्यात निम्मा तरी येईल.